तळीत घातलेलं पाणी

आमची तळी पाहुण्यांना दाखवायची तर मागल्या दारानंच न्यायचं. ही सासऱ्यांची शिस्त. तळी त्यांनी स्वतःच्या हातानं खणलेली, त्यामुळे तिच्याबाबतीत त्यांचाच शब्द चालायचा. स्वयंपाकघरातून बाहेर पडलं की अबोलीची रांग, मग कपडे धुवायचा दगड, मग सात पायऱ्या. पाचव्या पायरीवर थांबून म्हणायचं, "जपून हां, पुढची निसरडी." पाहुणा खाली बघायचा आणि एकदम गप्प व्हायचा. एका खोलीएवढीच ती, पण पाणी असं की तळातले खडे मोजून घ्यावेत. कडेनं साळकां, म्हणजे पांढरी कमळं. सोमवारी देवळात तीच जायची.

माझे मिस्टर, पांडुरंग, मुरगावला बंदरात कामाला. रविवारी घरी येताना कधी सोबतीला कोणी असायचं. त्यांच्यातला मधुकर म्हणून एक होता, तो दर खेपेला तेच बोलायचा, "पांडुरंगा, पाण्यापेक्षा पायऱ्याच जास्त तुमच्याकडे!" आणि मग अर्धा तास तिथंच पाय सोडून बसायचा.

चवथीचा गणपतीही ह्याच तळीत पोचवायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी दुसरीकडे विसर्जन पाहिलं नाही.

सर्वण गावात आमच्या बाजूला टेकडीमागे खाण होतीच, पण दूर होती. नव्वदीनंतर ती खाली खाली जाऊ लागली. खाणीचा खड्डा आमच्या विहिरींच्या तळापेक्षा खोल गेला, तेव्हा त्यातलं पाणी उपसायला मोठे पंप बसवले. खड्ड्यात झिरपत होतं ते पाणी आमचं होतं. पहिल्या वर्षी मे महिन्यात तळी आटली. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये. तिसऱ्या वर्षी दिवाळी झाली आणि साळकांचे देठ चिखलात आडवे पडले. मागच्या बागेतल्या पोफळींचे शेंडे पिवळे पडायला लागले. आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, अकरा विहिरींची तीच गत. खाणवाल्यांनी मंगळवारी आणि शुक्रवारी पिण्याच्या पाण्याचा टँकर सुरू केला. कृपाच म्हणायची.

माझा धाकटा दीर गोकुळदास शाळेत मास्तर. त्यानं अर्ज करायला घेतले. पंप बंद करा, नाहीतर निदान खड्डा आमच्या बाजूला वाढवू नका, एवढंच मागणं. दोनदा सरकारी माणसं येऊन गेली, दोन्ही वेळा मे महिन्यात. "मास्तर, मे महिन्यात कोणाच्या विहिरीला पाणी असतं?" असं म्हणून, सोलकढी पिऊन गेली.

तेव्हा गोकुळदासानं डोकं लढवलं. त्यानं लिहिलं, भादव्यात या. भर पावसाळ्यात ज्या तळीत पाणी ठरत नाही, तिचं पाणी कुठं जातं, ते डोळ्यांनी बघा. वर्षभर पाठपुरावा केला. शेवटी पत्र आलं. चवथीनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी पाहणी. ह्या पाहणीवरच खड्डा वाढवायची परवानगी द्यायची की नाही, ते ठरणार होतं. गोकुळदासानं ते पत्र सगळ्या वाड्याला वाचून दाखवलं. शेजारची कमलाक्षी म्हणाली, "मास्तरा, आता आमच्या विहिरी तुझ्या तळीच्या हवाली." ती हसत म्हणाली, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्या वर्षी चवथीच्या आधी आठ दिवस पाऊस कोसळला. तळीत कमरेएवढं पाणी झालं. पाच दिवसांचा आमचा गणपती. गुरुवारी संध्याकाळी आरती झाली, मिस्टरांनी मूर्ती डोक्यावर घेतली, गोकुळदास झांज वाजवत पुढे. तीन वेळा बुडवून मूर्ती तळाशी ठेवली, पाटावर तळातली मूठभर माती घेतली आणि मागे वळून न बघता सगळे घरात आलो. देवाला निरोप दिल्यावर मागे वळून बघायचं नसतं, आणि पोचवलेल्या मूर्तीला पुन्हा हात लावायचा नसतो. आमच्याकडे हे लहान पोरालासुद्धा ठाऊक.

पाऊस त्याच दिवशी थांबला. शनिवारी सकाळी कपडे धुवायला गेले तर तळीत पाणी नव्हतं.

देव होता.

चिकणमातीची मूर्ती विरायला दीड-दोन दिवस लागतात, पण पाणी त्याआधीच खाली उतरून गेलं होतं. तांबड्या रेंद्यात देव बसलेला. सोंड गळून पोटावर आलेली. एक हात खांद्यापासून नाहीसा, दुसऱ्यातून आतला सुंभ बाहेर आलेला. मुकुटाचा सोनेरी रंग तेवढा जसाच्या तसा. डोळे उघडे.

माझ्या हातातली बाल्दी खाली पडली. आवाज ऐकून गोकुळदास आला. त्यानं हात जोडले. मग हळूच म्हणाला, "वयनी, हे असंच राहू दे."

"असंच?"

"शुक्रवारी सायब येतात. चवथीला पाणी होतं आणि दोन दिवसांत गेलं, ह्याला ह्याहून मोठा पुरावा नाही. मी शंभर कागद लिहिले तरी हे लिहिता येणार नाही."

"म्हणजे देवाला साक्षीला उभा करणार तू?"

"देवाला नाही गो. तळीला."

"देव त्या तळीत बसलाय, गोकुळदास!"

तोही त्याच घरातला, त्यालाही माझ्याइतकंच लागलं असणार. पण अकरा विहिरींचं ओझं त्याच्या डोक्यावर होतं. मी केळीची पानं वरून सोडली. दुपारी वाऱ्यानं ती उडाली. सोमवारी एक कुत्रा पायऱ्या उतरून आत गेला. मी दगड घेऊन धावले, पण त्याआधी त्यानं मूर्तीच्या पायाशी तंगडी वर केली होती. ते मी घरात कोणालाच सांगितलं नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आकाश कोरडं. दिवसातून दहादा मी वर बघायची.

गुरुवारी संध्याकाळी देवळात कीर्तन होतं. कीर्तन म्हटलं की मी घरातलं काम टाकून जाते. झांजांचा पहिला ठोका पडला की माझ्या अंगातला सगळा शीण उतरतो, आणि बुवांनी आख्यान लावलं की चपला कुठं ठेवल्या तेसुद्धा आठवत नाही. त्या दिवशी मात्र मन थाऱ्यावर नव्हतं. बुवा पूर्वरंगात बोलता बोलता थांबले. पेटीवाल्याला हातानं गप्प केलं आणि म्हणाले, "देव भक्ताची लाज राखतो, हे तुम्ही माझ्याकडून वीस वर्षं ऐकताय. मला एक सांगा, तुमच्यापैकी कोणी कधी देवाची लाज राखलीत का?" लोक हसले. बुवाही हसले आणि टाळ्यांवर पुढचं पद उचललं.

मला हसू आलं नाही. बुवांनी ते कोणत्या अंगानं म्हटलं होतं, ते उत्तररंगात उलगडलंही असेल. माझ्या कानात पुढचं काही शिरलंच नाही.

शुक्रवारी सकाळी गोकुळदास सायबांना आणायला डिचोलीला गेला. सासूबाई पूजेला बसलेल्या. तेवढ्यात टँकर आला. टँकरचा ड्रायव्हर बाबली, सावंतवाडीकडचा. बायको-पोरं गावी, हा इथं खाणीच्या खोलीत राहायचा. आमच्या दारातलं पिंप भरून तो नळी गुंडाळायला लागला.

म्हटलं, "बाबली, मागं तळीत पाणी सोडशील?"

"तळयेत? वयनी, ह्यां पिवचां पाणी. बासष्ट घरां आसत. मॅनेजरान बघल्यान तर माका उद्या घराक धाडतलो."

"एकदा खाली बघ. मग नको म्हण."

तो पायऱ्यांपर्यंत आला. खाली बघितलं. चपला काढल्या, डोक्याचा फडका काढला. मग नळी ओढत घेऊन आला आणि म्हणाला, "वयनी, माझां नाव मात्र घेव नको."

नळीचं तोंड त्यानं मूर्तीवर धरलं नाही. कडेच्या दगडावरून पाणी हळू सोडलं. पाणी देवाच्या मांडीला लागलं, पोटाला लागलं. मी पाचव्या पायरीवर उभी राहून "पुनरागमनाय च" म्हटलं. थोड्या वेळानं मुकुट वाकला आणि खाली गेला. बाबली परत जाऊन दुसरा टँकर घेऊन आला, तोही रिता केला. मांडीएवढं पाणी झालं. गढूळ, तांबडं. पण देव झाकला गेला.

खरं सांगायचं तर त्या घडीला मला अर्ज आठवला नाही, विहिरी आठवल्या नाहीत. छातीवरचा दगड उतरला, एवढंच. मग आठवलं तेव्हा मनात म्हटलं, सायबांना तोंडानं सांगेन. शहाणी माणसं आहेत, सांगितलं की समजेल.

दहाच्या सुमाराला ते आले. सायब पन्नाशीचे, चष्मा लावलेले. सोबत टेप आणि वही घेतलेली एक तरुण बाई. आणि खाणीचे मॅनेजर, पांढऱ्या शर्टात, हातात छत्री. गोकुळदास सगळ्यांच्या पुढे. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड होता.

"वयनी, ह्यांना तळी दाखव."

मी मागल्या दारानं नेलं. स्वयंपाकघर, अबोली, धुवायचा दगड. पाचव्या पायरीवर थांबले. "जपून हां," माझ्या तोंडून आपसूक आलं, "पुढची निसरडी."

सायब थांबले. गोकुळदास त्यांच्या खांद्यावरून पुढे वाकला आणि तिथंच थिजला. त्यानं माझ्याकडे बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. लहान मुलाचं गर्दीत हात सुटल्यावर जसं होतं, तसं त्याचं तोंड झालं होतं.

त्या बाईनं टेप सोडला. "दोन फूट चार इंच, सर."

"लिहा."

"काल इथं थेंब नव्हता," गोकुळदास म्हणाला. "सायब, काल कोरडी होती!"

"मास्तर, भादवा आहे," मॅनेजर गोड आवाजात म्हणाले. "भादव्यात तळीला पाणी असायचंच. देवाची कृपा."

"टँकरचं पाणी आहे ते," मी म्हटलं. "सायब, मी घातलं. आज सकाळी."

सायबांनी चष्मा वर केला. "का?"

मी सांगितलं. मूर्ती, सोंड, कुत्रा, सगळं. कुत्र्याचं सांगताना गोकुळदासानं मान फिरवली. वहीवाली बाई लिहायची थांबली. सायबांनी तळीकडे बघून हात जोडले.

"वहिनी, आमच्याही घरी दीड दिवसाचा असतो," ते म्हणाले. "मीही हेच केलं असतं. पण कागदावर मला जे दिसलं तेच लिहिता येतं. कोणी पाणी टाकताना बघितलंय? ज्यानं टाकलं त्यानं दोन ओळी लिहून दिल्या, तर मी तशी नोंद करतो आणि चार दिवसांनी परत येतो."

"असं झालं असेल तर मलाच कळायला हवं," मॅनेजर म्हणाले. "आमचा टँकर पिण्याचं पाणी देतो. ते कोणी तळ्यात ओतत असेल तर त्याला एक दिवस ठेवणार नाही मी. कोण होता, सांगा ना."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. गोकुळदासही. त्याला ठाऊक होतं. आमच्या वाटेवर टँकर एकच यायचा; मॅनेजरांनाही माहीत असणार, पण तसं कबूल करणं त्यांच्या सोयीचं नव्हतं. गोकुळदासानं ओठ उघडले आणि माझ्याकडे बघून पुन्हा मिटले. माझ्या डोळ्यांसमोर बाबलीचे चिखलातले अनवाणी पाय होते.

"नाव आठवत नाही," मी म्हटलं.

सायबांनी थोडी वाट बघितली. मग वही गोकुळदासापुढे धरली. पाणी दोन फूट चार इंच, साक्षीदार म्हणून सही. गोकुळदासानं सही केली. त्याचं अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं वळणदार आहे, तसंच ते त्या वहीतही उमटलं. चहा घ्यायला कोणी थांबलं नाही.

रविवारी तळी पुन्हा कोरडी झाली. तळात नुसता गुळगुळीत तांबडा रेंदा. मिस्टर आले, त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तू चुकलीस असं मला म्हणवत नाही." आणि जेवायला बसले. गोकुळदासानं पुन्हा पत्र लिहिलं, मी स्वतः सही केली. उत्तर आलं की पाहणी झालेली आहे, तळीत समाधानकारक पाणी आढळलं आहे.

दिवाळीनंतर खड्डा आमच्या बाजूला वाढला. डिसेंबरात वाड्यावरच्या अकराही विहिरींचे तळ उघडे पडले. गोकुळदास माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो. "वयनी, चहा" म्हणतो, शाळेतल्या गमती सांगतो. त्या शुक्रवारचा शब्द त्यानं आजवर काढलेला नाही.

वाड्यावरच्या बायकांनी काढला. टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी राहिले की मागून कोणीतरी म्हणतं, "सुमंगलाला कशाला गो पाणी? तिच्या तळीत समाधानकारक आहे." बाकीच्या हसतात. मी मान खाली घालते. त्यांच्या पोरांना शाळेत जायच्या आधी पाण्यासाठी कोसभर चालावं लागतं. त्यांनी बोलायचं नाही तर कोणी?

माघातल्या एका मंगळवारी माझी पाळी आली, तेव्हा बाबलीनं नळी माझ्या हंड्यात सोडली आणि आवाज खाली आणून विचारलं, "वयनी, त्या दिसा कोणी माझां नाव घेवूक नाय ना?"

"नाही."

पोरीचं सांगताना त्याचे डोळे भरून आले. "मोठ्या चेडवाचां लगीन ठरलां माझ्या. देव तुमचां बरां करो."

मागे उभी असलेली कमलाक्षी पुढे सरकली. "काय गो म्हणत होता तो?"

"काही नाही," म्हटलं, आणि हंडा उचलून कमरेवर घेतला.