माझा सात फुटी मेलेला मालक

मी एक जुनी पाण्याची बाटली आहे. मूळची जर्मन लष्करातली. सध्या मांडवगण फराट्यात सर्जेराव हवालदारांच्या ओसरीवर खुंटीला टांगलेली असते. मित्रांनो, बाटली म्हटलं की काही जण गालात हसतात, म्हणून आधीच सांगते, माझ्यात पाण्याखेरीज कधी काही पडलं नाही. फार तर ताक.

जर्मनीतल्या एका कारखान्यात पत्रा ठोकून मला आकार दिला, अंगावर लोकरीचा जाड अंगरखा चढवला आणि वेर्नर नावाच्या एका शिपायाच्या कमरेला लटकवलं. त्यानं चाकूच्या टोकानं माझ्या बुडावर आपल्या नावाची अक्षरं कोरली. मला फार गुदगुल्या झाल्या, पण लष्करात हसायची सोय नसते.

दुसऱ्या महायुद्धात इटलीमध्ये मी वेर्नरकडून हवालदारांकडे आले. ती हकिगत हवालदार दर खंडेनवमीला गावाला ऐकवत. एका शेतघरापाशी म्हणे त्यांची एका सहा फुटी जर्मनाशी गाठ पडली. त्याला त्यांनी एकट्यानं लोळवलं आणि मरता मरता त्यानं मला त्यांच्या हाती दिलं. पुढं गावात कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला, तसा तो जर्मनही सात फुटी झाला. या हकिगतीवर हवालदारांना लग्नात पहिल्या रांगेत खुर्ची मिळायची आणि भांडणतंट्यात त्यांचा शब्द शेवटचा असायचा.

खरं काय झालं ते मी पाहिलं आहे. त्या घरात एक म्हातारी राहायची. सकाळी तिनंच विहिरीचं पाणी शेंदून मला भरलं होतं. दुपारी माघार घेताना वेर्नरला गवताच्या गंज्या पेटवायचा हुकूम झाला. म्हातारीनं त्याची बाही धरली. त्यानं ती सोडवून घेतली आणि काडी ओढली. धुरानं तिच्या पोळ्यांतल्या मधमाश्या उठल्या. वेर्नर पळाला, मला गुरांच्या हौदाच्या दगडी काठावर आपटून टाकलं आणि आत शिरला. तेवढ्यात पलीकडून टेहळणीला आलेल्या सर्जेरावांनाही माश्यांनी गाठलं आणि तेही त्याच हौदात शिरले. दोन शत्रू शेजारी शेजारी नाकापर्यंत पाण्यात बसले होते. माश्या गेल्यावर दोघे दोन दिशांना पळाले. पळता पळता सर्जेरावांनी मला आपलीच बाटली समजून उचललं. माझ्या पोटाला पोचा आहे, तो हौदाच्या दगडाचा. गाव त्याला गोळी म्हणतं.

इथं मी खूप राबले. हवालदारांच्या मंडळी साळूबाई मला भरून रानात न्यायच्या. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर आख्खी टोळी माझ्यातलं पाणी प्यायली. मग घरात प्लॅस्टिकचा कॅन आला आणि मी खुंटीला लागले. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, हत्यारांशेजारी मला हळदीकुंकू लागे. बाकी वर्षभर कोळी माझ्या गळ्यात जाळी विणत.

दुष्काळ सरला आणि भीमेकाठी नवा साखर कारखाना उभा राहिला. खंडेनवमीला यंत्रांची पूजा आणि बॉयलर पेटवण्याचा समारंभ ठरला. चेअरमननी हवालदारांना मुद्दाम निरोप धाडला, “बाटली घेऊन या.” टर्बाइन जोडायला आलेल्या जर्मन फिटरला म्हणे ती दाखवायची होती. हा पाहुणा दौंडला रेल्वेतून उतरल्यापासून भाकरी-पिठल्यावर खूश होता. आला तेव्हा मी त्याची चाल ओळखली. वेर्नर! केस पांढरे झाले होते, पण उंची तेवढीच होती. म्हणजे हवालदारांच्या खांद्याएवढी.

हवालदारांनी दर वर्षी मारलेला माणूस चालत आलेला पाहून माझं बूच सैल झालं. त्यानं मला उचललं, उलटं केलं, कुंकू पुसून अक्षरं वाचली आणि ओरडला. फोरमन पोपटराव इंग्रजी जाणत. ते म्हणाले, “सायेब म्हणत्यात, ही माझी बाटली हाय.”

गर्दीतून हौसराव म्हणाले, “आरं, पर ह्यो तर मेलाय ना?”

हवालदारांचा चेहरा पडला. आता शब्द गेला, खुर्ची गेली, सगळंच गेलं! पण वेर्नर भलतंच सांगू लागला आणि पोपटराव मराठी करू लागले. “म्होरं आठ फुटी दाढीवाला हिंदी शिपाई, मागं रणगाडे. सायेब एकटं लढलं. आन् म्हणत्यात, आमी साधी शिपाई मानसं, कुनाच्या गवताच्या काडीला हात लावला न्हाई.”

सगळ्यांनी हवालदारांकडं पाहिलं. दाढी नव्हतीच, आणि फेटा धरूनही आठ फूट भरत नव्हते.

“तर काय!” हवालदारांनी संधी साधली. “मेल्याचं सोंग घेतलं आसंल यानं. मी काय नाडी बघत बसलो व्हय?”

लोकांचं समाधान झालं. टाळ्या पडल्या. दोन थापांनी एकमेकींना फुगडीला धरलं होतं. चेअरमननी बॉयलर पेटवायला जळता काकडा वेर्नरच्या हाती दिला. तेवढ्यात ओवाळायचं ताट घेऊन उभ्या असलेल्या साळूबाईंनी विचारलं, “त्या घरात बाईमानूस कोन व्हतं? बाटलीत पानी कुनी भरलं व्हतं?”

पोपटरावांनी प्रश्न सांगितला. वेर्नर म्हणाला, आठवत नाही. पण काकडा तसाच हातात राहिला. तेल ठिबकून बुटावर पडलं तरी तो हलला नाही. मग तो हळू बोलू लागला आणि पोपटरावांचाही आवाज उतरला. “एक म्हातारी व्हती. तिनंच पानी दिलं. तिची गंजी म्या पेटवली. मग माश्या उठल्या. रनगाडं नव्हतंच.”

सगळे हवालदारांकडे वळले. साहेबाला ऊन लागलं, एवढं म्हटलं असतं तरी गावानं मानलं असतं. हवालदारांनी मला हातात घेतलं, पोच्यावरून अंगठा फिरवला.

“व्हय,” ते म्हणाले. “माश्याच व्हत्या. आमी दोघं येकाच हौदात बसलो व्हतो.”

एवढा हशा झाला की हौसरावांना धरून बसवावं लागलं. हवालदारांचे कान लाल झाले. साळूबाई मात्र हसल्या नाहीत.

“मग त्या म्हातारीचं काय झालं?”

दोघांनाही माहीत नव्हतं. मलाही नाही, मित्रांनो. मी हवालदारांच्या हातात पळत होते, आणि मागं वळून पाहणं माझ्या हाती नव्हतं. वेर्नरनं काकडा साळूबाईंना दिला. बॉयलर त्यांनीच पेटवला.

हवालदारांची खुर्ची काही गेली नाही. गावाला माश्यांची हकिगत जास्त आवडली. पुढच्या खंडेनवमीला त्या माश्या चिमणीएवढ्या झाल्या, यंदा कबुतराएवढ्या आहेत. पण आता साळूबाई मधेच बोलतात, “आदी म्हातारीचं सांगा.” आणि हवालदार आधी तिचं सांगतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी खुंटीला टांगलेली वस्तू असेल. तिची धूळ पुसा, तिच्यात पाणी भरा. फक्त राख लावून घासून घासून लख्ख करू नका. माझी अक्षरं पुसट होत चालली आहेत, आणि पोचा काढून द्यायला परवाच एक कल्हईवाला दारात आला होता. साळूबाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.