मालकाचा पत्ता

बायनाबाई रिक्षात बसल्या, पदर आवरला आणि पिशवी मांडीवर घेत म्हणाल्या, “चल, तुझ्या कंपनीच्या हापिसाला ने.”

परभणी स्टेशनाबाहेर रिक्षा लावून बसलेल्या नागेशनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. दवाखाना, कोर्ट, बाजार सांगणारी गिऱ्हाइकं त्याला रोजची होती; हापीस सांगणारं हे पहिलंच असावं.

“कोणती कंपनी, मावशी?”

“हीच की, जिचं नाव काचेवर चिटकवलंय. मोबाईलवर भाडं धाडती ती.”

बायनाबाई सेलूहून उगाच आल्या नव्हत्या. भावाच्या, म्हणजे व्यंकटरावांच्या मुलीसाठी, राजेश्रीसाठी, याच नागेशचं स्थळ आलं होतं, आणि घरातल्या प्रत्येक स्थळाची चौकशी आत्यानंच करायची हे ठरलेलं. त्यांची रीतही ठरलेली. शेजारीपाजारी एक तर गोडवे गातात, नाही तर जुना राग काढतात. म्हणून त्या थेट मुलाच्या मालकाला गाठायच्या, तेही मुलाला सुगावा लागू न देता. या नागेशबद्दल तर मानवतच्या एका पाहुण्यानं कानात सांगितलं होतं, की आधीच्या रिक्षा-स्टँडवर मारामारी करून तो तिथून निघाला आणि या कंपनीत आला. व्यंकटराव तेवढ्यावरच नको म्हणत होते. जिंतूरच्या एका लग्नात त्याला पाहिलेली राजेश्री मात्र हटून बसली होती. शेवटचा शब्द आत्याचा. फोटोवरून त्यांनी त्याला लांबूनच ओळखलं. तो त्यांना ओळखत नव्हता.

“परभणीत हापीस न्हाई मावशी. सुरुवातीला वसमत रोडला एक खोली घेतली होती. आमाला टी-शर्ट दिले, फोटो काढले अन् कुलूप लावून गेले.”

“मग मालक कुठं ऱ्हातो?”

“मालक कुणी पाहिलाय! ते म्हणतात, तुमीच भागीदार हाव.”

“भागीदारानं भागीदाराचं तोंड पाह्यलं न्हाई?” बायनाबाईंना आता मनापासून नवल वाटायला लागलं. स्थळ बाजूला राहिलं आणि ही कंपनीच त्यांच्या डोक्यात शिरली. “मग काही चुकलं-माकलं तर बोलतंय कोण?”

“मोबाईल.”

“मोबाईल रागावतो?”

“लय रागावतो.” तो हसला. “बरं, खरंच कुठं सोडू?”

“ती खोली तरी दाखव.”

रिक्षा निघाली. वसमत रोडला लागून थोडं पुढं आल्यावर समोर अडकवलेला मोबाईल वाजला. नागेशनं रिक्षा कडुनिंबाखाली घेतली, वाचलं, आणि परत वाचलं. त्याचे कान लाल झाले.

“काय झालं रे?”

“कंपनीनं बंद केलं मला, आता भाडं येणार न्हाई. गिऱ्हाइकानं तक्रार केली म्हणून.”

“कुणी? कशाची?”

“ते सांगत न्हाईत.”

त्यानं फोन लावला. एका बाईचा गोड आवाज हे दाबा, ते दाबा म्हणत राहिला, शेवटी तिनं आभार मानले आणि फोन कटला. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा तेच आभार.

बायनाबाई त्याला निरखून बघत होत्या. बोलणी खाल्ल्यावर मुलगा कसा वागतो, हेच तर त्या मालकांना विचारायच्या. आता हा शिव्या देईल, मोबाईल आपटेल असं त्यांना वाटलं. नागेशनं मोबाईल खिशात ठेवला आणि बाहीनं कपाळ पुसलं.

“काल एक म्हातारबाबा होते. त्यांना जिन्यावर चढवून आलो, पुढच्या बाईला उशीर झाला. तिनंच केली असंल. का सकाळचे ते मास्तर? पर ते तर हसून उतरले…” तो स्वतःशीच एकेकाला आठवत होता. “कुणी इचारलं असतं तर सांगितलं असतं की. चूक असती तर माफीबी मागितली असती. इचारलंच न्हाई.”

बायनाबाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मालकच नाही म्हटल्यावर चौकशी संपली होती, उरला होता फक्त त्या पाहुण्याचा शब्द. संध्याकाळी व्यंकटराव मुलाकडच्यांना फोन करतील आणि म्हणतील, पत्रिका जुळत नाही. त्यांच्या घरून प्रत्येक नकार असाच गेला होता. खरं कारण कुठल्याच मुलाला कळलं नव्हतं. कुणाचं मन दुखू नये म्हणून, असं त्या आजवर समजत आल्या होत्या. आज त्यांना त्याची लाज वाटली.

“मावशी, खोली पुढंच हाय. पर कुलूपच दिसंल.”

“ऱ्हाऊ दे खोली. रिक्षा बंद कर अन् हिकडं बघ.”

त्यानं चावी फिरवली.

“मी राजेश्रीची आत्या. सेलूची.”

नागेशनं झटकन खाली उतरून शर्टाची वरची गुंडी लावली.

“स्टँडवर तू मारामारी केलीस म्हणतेत. आमी तेवढ्यावरच न्हाई म्हणणार होतो. काय झालतं?”

त्यानं रिक्षाच्या टपाला हात टेकला.

“लांबड हाय, आत्या.”

“सांग,” त्या सरकून बसल्या आणि शेजारी जागा केली. “माझी गाडी संध्याकाळी हाय.”