काचेवरची टिकली

मित्रांनो, मी बुटका आहे, हे आधीच सांगून टाकतो. बोरी बुद्रुकच्या शिवारात मोठमोठे ट्रॅक्टर आहेत. ते रस्त्याने निघाले की समोरचा मोटारसायकलवाला कडेला होतो. माझ्यासाठी कोणी कडेला होत नाही. पण द्राक्षाच्या दोन ओळींमधून, तारांना आणि लोंबत्या घडांना धक्का न लावता जायचे असेल, तर माझ्यासारखाच लागतो. त्याच कामासाठी मी घडवला गेलो.

कारखान्यातले फारसे काही आठवत नाही. तापलेल्या लोखंडाचा वास, रंगाचा वास, आणि इंजिन पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा अंगभर गेलेली थरथर, एवढेच. पुढे नारायणगावच्या एका दुकानासमोर मी बरेच दिवस उन्हात उभा होतो. लोक यायचे, मोठ्या ट्रॅक्टरच्या चाकांवर हात फिरवायचे आणि मला ओलांडून जायचे. एक दिवस सावळेराम आले. त्यांनी खिशातून सुताचा तुकडा काढला. बागेतल्या दोन ओळींचे अंतर त्यांनी त्या सुतावर गाठ मारून आणले होते. ते सूत त्यांनी माझ्या चाकापासून चाकापर्यंत धरले.

"बसतोय," ते म्हणाले. एवढ्यावर मी त्यांचा झालो.

घरी लंकाबाईंनी मला ओवाळले. शेजारच्या मळ्यातले बाळासाहेब, म्हणजे सावळेरामांचे चुलतभाऊ, मुद्दाम बघायला आले. त्यांना सगळे नाना म्हणतात. कमरेवर हात ठेवून त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली.

"सावळ्या, ह्याची आई कुठं राहिली? पिल्लूच उचलून आणलंस!"

"आई दुकानातच ठिवली, नाना. तिला बागंत शिरता येत न्हाई."

आता माझ्या कामाविषयी सांगतो. चाकांनी मी चालतो, पण खरे काम मी पाठीने करतो. माझ्या पाठीतून एक फिरता दांडा बाहेर येतो. त्याला पीटीओ म्हणतात. त्याला औषध फवारणारा ब्लोअर जोडला की माझ्या इंजिनाचा जोर ब्लोअरच्या पंख्यात जातो. पंख्याचा वारा औषधाचे थेंब पानांच्या दाटीत घुसवतो. हा दांडा मिनिटाला पाचशे चाळीस फेरे फिरला पाहिजे. कमी फिरला तर वारा मंदावतो आणि औषध वरच्यावर राहते. जास्त फिरला तर औषधाचे धुके होऊन उडून जाते आणि डिझेलही वाया जाते.

पहिल्या हंगामात सावळेरामांना हे ठाऊक नव्हते. रेस जितकी जास्त तितके काम चांगले, असे त्यांना वाटे. ते मला पुरता ताणून चालवत. औषधाचे धुके बांध ओलांडून नानांच्या टोमॅटोवर जाऊन बसले, तेव्हा नाना बांधावरून ओरडले, "माझ्या टोमॅटोला फुकट औषध देतोस व्हय रं? दे, दे! पण सांगून तरी देत जा!"

त्यानंतर सावळेराम इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरकडे बघू लागले. नेमका काटा कुठे हवा, हे त्यांनी दुकानातल्या मिस्त्रीकडून समजून घेतले. पण उन्हात काचेवरचे बारीक आकडे दिसत नसत. एका सकाळी त्यांनी ओसरीवरच्या आरशाला चिकटवून ठेवलेली लंकाबाईंची लाल टिकली काढली आणि माझ्या मीटरच्या काचेवर, बरोबर त्या आकड्यापाशी लावली.

"कपाळाची वस्तू इंजिनाला लावता?" लंकाबाई दारातून म्हणाल्या.

"मग? त्याला काय परका समजतीस काय?"

तेव्हापासून दर हंगामाला एक नवी टिकली माझ्या काचेवर यायची. काटा टिकलीखाली आला की सावळेराम रेसच्या दांड्यावरचा हात काढून घेत. मग पाहणाऱ्याला वाटे, मी आपला आपणच चाललो आहे. घरात लंकाबाईंना तो आवाज पाठ झाला होता. औषधाची टाकी संपली, रेस खाली आली, की त्या तव्याखालचा जाळ पुढे सारत आणि भाकरी थापायला घेत. सावळेराम हातपाय धुऊन येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असे.

माझ्याकडे आणखी एक सोय आहे. एक छोटा दांडा खाली ओढला की इंजिन हळू चालूनही पीटीओ तेवढेच फेरे घेतो. तिला इकॉनॉमी म्हणतात. आवाज कमी, डिझेल कमी. पण मित्रांनो, फेरे तेवढे असले तरी त्यामागचा जोर तेवढा नसतो. हलके काम असेल तर ती सोय फार चांगली. छोटा पंप चालवताना सावळेराम हटकून ती वापरत. भरलेला ब्लोअर घेऊन बांधाकडे चढायचे असेल, तर मात्र मला पुरता श्वास घेऊ द्यावा लागतो.

सावळेरामांची मुलगी मोहिनी शाळेत होती तेव्हा फवारणीच्या दिवशी ओळीच्या टोकाला उभी राहायची. वडील तिला माझ्या मडगार्डवर कधी बसू देत नसत आणि फिरत्या दांड्याजवळ तर फिरकूही देत नसत. औषध टाकीत कालवण्याआधी ते नुसत्या पाण्याने एक ओळ मारत. मी पुढे गेलो की मोहिनी पान उलटे करून बघायची. पानाची खालची बाजू ओली असली तर तळहात वर, कोरडी असली तर तळहात खाली. तळहात खाली दिसला की सावळेराम वैतागत नसत. गाडी थांबवून ब्लोअरची तोंडे नीट करत. ती पुढे शिकली, पुण्याला नोकरीला गेली. तळहाताची जागा रिकामी राहिली. माझीही सीट फाटली, रंग उडाला, पत्र्याला गंज चढला. फळ उतरले की मी ताडपत्रीखाली पडून राहायचो. उंदरांनी एकदा माझ्या वायरी खाल्ल्या. पण ग्रीसचे बोट सावळेरामांनी कधी चुकवले नाही.

गेल्या हंगामात बाग फुलोऱ्यात असताना सावळेराम गेले. दुपारी जेवून ओसरीवर टेकले होते, ते उठलेच नाहीत. त्या संध्याकाळी लाकडे घेऊन नदीकाठी मीच गेलो. दुसऱ्या दिवशी गोरखने मला धुतले. गोरख हा बागेत कामाला येणारा, सावळेरामांनी हाताखाली तयार केलेला माणूस. रडत रडत धूत होता. फडक्याबरोबर काचेवरची टिकलीही निघून गेली. त्याच्या ते लक्षात आले नाही.

मग आभाळ भरून आले. दोन दिवस झिमझिम लागली. फुलोऱ्यातल्या बागेला असे हवामान वाईट. डाऊनी नावाची बुरशी पानांच्या खालच्या अंगाला धरते, तिथून घडात उतरते, आणि वर्षाचे फळ नासून जाते. घरातल्या कोणी कामाला हात लावायचा नव्हता, दहावा व्हायचा होता. तेव्हा नाना पुढे झाले.

"गोरख, फवारणी करून घे. औषध मी आणलंय. पण आवाज बारीक ठेव. घरात दुखवटा हाय. वहिनींच्या कानावर तेवढंच नको."

"व्हय नाना. लई हळू मारतो."

त्यात कोणाचे काही वाईट नव्हते, मित्रांनो. गोरखने रेस इतकी खाली ठेवली की मी नुसता पुटपुटत होतो. पाठीतला दांडा आळसावल्यासारखा फिरत होता. ब्लोअरच्या तोंडातून औषध बाहेर पडे आणि जवळच्या पानांवरून ओघळून मातीत जाई. आम्ही साऱ्या ओळी हिंडून आलो. पाहणाऱ्याला वाटले, फवारणी झाली.

दुसऱ्या सकाळी, वडील गेल्याचे कळताच पुण्याहून आलेली मोहिनी बागेत आली. तिने एक पान उलटे केले. मग दुसरे. वरून औषधाचे डाग होते, खालून पान स्वच्छ होते. खालच्या ओळींत तर पानांच्या पाठीवर पांढरी लव दिसू लागली होती. ती तशीच माझ्या छपरापाशी आली. नाना आणि गोरख तिथेच होते.

"नाना, औषध आत गेलंच नाही. आज परत मारावं लागेल. आणि रेस पूर्ण ठेवून."

"पोरी, दहावा तरी होऊ दे. गाव काय म्हणंल? बाप जाऊन चार दिस न्हाई झालं, आन् ह्यांचा ट्रॅक्टर बोंबलतोय!"

"तोपर्यंत बाग राहणार नाही. आबांनी आठ महिने केलेली बाग आहे ही."

"मला कळत न्हाई व्हय? माझा भाऊच व्हता तो." नानांनी घराकडे पाहिले. "पण वहिनीनी अजून डोळ्यातनं टिपूस काढलं न्हाई. त्यात हा आवाज ऐकला, तर काय व्हईल त्यांचं?"

गोरख हळूच म्हणाला, "ताई, इकॉनॉमीवर टाकू का? फेरं तेवढंच पडत्यात. आवाज बी कमी."

तसे करून पाहायचे ठरले. पहिल्या सपाट ओळींत बरे चालले. पण बांधाकडे चढ लागला, टाकी भरलेली, पंखा ओढत होता, आणि माझा जोर पुरेना. मी कण्हू लागलो. तोंडातून काळा धूर आला. फेरे तुटू लागले. ओळीच्या टोकाला मोहिनीचा तळहात खाली गेला.

गोरखने मला थांबवले. इंजिन चालूच होते.

तेव्हा लंकाबाई घराबाहेर आल्या. सावळेराम गेल्यापासून त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. अनवाणी, मातीतून सरळ माझ्याकडे चालत आल्या. नाना घाईने पुढे झाले.

"वहिनी, तुमी कशाला आला? आमी बघतो ना."

"काय बघताय? मघापासून आयकतेय मी. हे काय चाललंय? दुखणेकरी कण्हतोय जणू."

"तुमच्यासाठीच आवाज कमी ठिवला, वहिनी."

"माझ्यासाठी?" लंकाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "नाना, त्यांच्या हातचा आवाज मला पाठ हाय. कालपास्नं ह्यो निराळाच आवाज येतोय. घरात बसून मला वाटतंय, आपल्या बागंत कुणी परकं शिरलंय."

त्यांनी मूठ उघडली. आत टिकल्यांचे पाकीट होते. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर आता काही नव्हते. माझी काच इतक्या वर्षांच्या उन्हाने पिवळी पडली होती, पण जिथे टिकली असायची तिथे तेवढीच गोल जागा पांढरी राहिली होती. लंकाबाईंनी पदराने ती पुसली. पाकिटातली एक टिकली काढली आणि त्या गोलावर नीट, बोटाने दाबून लावली.

"इथवर," त्या गोरखला म्हणाल्या. "त्याच्या वर न्हाई आन् खाली बी न्हाई."

गोरखने इकॉनॉमीचा दांडा वर केला. रेस हळूहळू वर नेली. काटा थरथरत आला आणि टिकलीखाली उभा राहिला. माझा आवाज मोकळा झाला. तो साऱ्या शिवारावर गेला, नदीपर्यंत गेला असेल. लंकाबाई तिथेच बांधावर बसल्या, तोंडाला पदर लावला आणि रडल्या. नाना दोन पावलांवर खाली मान घालून उभे होते. कोणी आवाज कमी करायला सांगितले नाही.

मी चढ चढलो. ओळीच्या टोकाला मोहिनीने पान उलटे केले. तळहात वर गेला.

खालच्या काही ओळींचे घड त्या हंगामात गेलेच. बाकीची बाग वाचली. गावात कोणी दोन शब्द बोलले असतील, ते माझ्यापर्यंत आले नाहीत.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. तुमच्या दारात माझ्यासारखे कोणी उभे असेल, तर त्याला उगाच ताणू नका. वेळेवर ग्रीस द्या, फिरत्या दांड्यापासून मुलांना दूर ठेवा, हलक्या कामाला हलकी रेस ठेवा. आणि ज्याने ते चालवले तो माणूस गेला, तर त्याच्या आठवणीखातर त्याचे यंत्र गप्प करू नका. काम जसे तो करत होता तसे होऊ द्या.

त्या दिवशी टाकी संपली तेव्हा दुपार टळत आली होती. लंकाबाई कधीच्या उठून घरात गेल्या होत्या. गोरखने मला छपराखाली आणले आणि रेस खाली घेतली. मी शांत झालो. बाहेर पानांवरून थेंब पडत होते. थोड्या वेळाने घरातून, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, भाकरी थापल्याचा आवाज आला.