सत्कारानंतरचा भागाकार

“जगाच्या शिक्षणाला नवी दिशा इथूनच मिळणार आहे,” असं हेडमास्तर मोरेश्वर सरांनी माइकवरून जाहीर केलं. माइक बंद होता. तो सुरू झाल्यावर त्यांनी जगाला पुन्हा तीच दिशा दिली.

ठिकाण, सौंसरजवळची एक प्राथमिक शाळा. पांढुर्ण्याची वृषाली आफ्रिकेत मलावीतल्या एका खेड्यात दोन वर्षं शिकवून नुकतीच परतली होती. तिथं एका वर्गात शंभरेक पोरं आणि फळ्याला मधोमध भोक. ती भोकाच्या दोन्ही बाजूंनी शिकवायची. कशाचीही वाट न पाहता शिकवायला लागावं, एवढं त्या भोकानं तिला शिकवलं होतं.

इकडे आपल्या चौथीला दिवाळीपासून मास्तर नव्हता. मला एक तास द्या, पोरांना भागाकार आला तर वर्ग द्या, एवढंच तिचं मागणं. सर लगेच हो म्हणाले आणि त्यांनी मंडप घातला.

आपल्याकडे माणसाला काम देण्याआधी त्याचा सत्कार करावा लागतो. बहुतेकदा मग काम द्यायची गरजच उरत नाही. शाल झाली, नारळ झाला, संत्र्यांची टोपली झाली. सरपंच दादाजी परदेशातल्या शिक्षणावर बोलायला उठले, आणि नेपाळही परदेशच, म्हणून स्वतःच्या सहलीवर घसरले. तास संपत आला. वृषालीनं सरांना हळूच आठवण करून दिली.

“थांबा ना मॅडम, आता कुठं रंगून राहिलं,” सर म्हणाले. “आभार झाले की शिकवजा.”

आभारानंतर शाळा सुटते, हे चौथीलाही ठाऊक होतं. वृषालीनं टोपली उचलली आणि ती सरळ पोरांत जाऊन बसली. त्यांचे चार घोळके केले आणि म्हणाली, सारखी वाटा. पोरांनी मोजलं, भांडण केलं, पुन्हा मोजलं. दादाजी अजून काठमांडूतच होते. दोन संत्री उरली. उर्वशी नावाच्या पोरीनं ती सोलली. एकात दहा फोडी, दुसऱ्यात अकरा. तिनं प्रत्येक घोळक्याला पाच-पाच दिल्या, उरलेली एक स्वतः खाल्ली आणि सांगितलं, “बाकी शून्य.”

दादाजी बोलायचे थांबले. सरांनी आभार एका वाक्यात उरकले.

“वर्ग तुमचा, मॅडम. उद्यापासूनच या.”

मागं मंडपवाला खुर्च्या टेम्पोत भरत होता.

“फक्त येता येता,” सर म्हणाले, “बसायला खुर्ची घरून आणजा.”