पाच मिनिटांनी पिवळा

"चेतन, पाच ठेवायचं की पंधरा?" दिग्विजय सरांनी मीटिंगमध्ये विचारलं.

ऑफिसच्या चॅटमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे हिरवा ठिपका असतो. कीबोर्डला, माउसला हात लागला नाही, की काही मिनिटांनी तो पिवळा होतो. म्हणजे माणूस काम करत नाही. किती मिनिटांनी, ते सेटिंग माझ्याकडे. मी "पाच" म्हणालो. सरांना तेच ऐकायचं होतं, आणि होयबा माणसाला तेवढं बरोबर कळतं.

जयाताई रणपिसे माझ्या डोक्यातही आल्या नाहीत. खराडीतल्या आमच्या कंपनीत औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं मराठीत होतात. छपाईआधी ती शेवटची तपासायची, हे ताईंचं काम. एकोणीस वर्षं त्या पत्रक कागदावर काढून, ओळीखाली पट्टी धरून, हातात पेन्सिल घेऊन वाचत आल्या. स्क्रीनवर डोळा घसरतो, म्हणायच्या. कीबोर्डला हात लागायचा तो तासाभराने.

तीन महिन्यांनी रिपोर्ट निघाला.

"रोज साडेचार तास अवे, म्हणजे पिवळ्या," सर म्हणाले. "ताई, नथिंग पर्सनल. डेटा आहे."

"मी वाचत होते."

"सिस्टीमला ते दिसत नाही ना."

"तुम्हाला दिसतं की. तुमच्या काचेसमोरच तर बसते."

सरांनी लॅपटॉप मिटला. ताईंना महिन्याची नोटीस मिळाली.

मला लाज वाटली, म्हणून मी त्यांच्या टेबलाशी गेलो. "ताई, माउसखाली काट्याचं घड्याळ ठेवा. सेकंदकाटा फिरत राहिला की माउस हलतोय असं सिस्टीमला वाटतं, तुम्ही हिरव्या. अर्धं ऑफिस तेच करतंय. मी बोलतो सरांशी."

"म्हणजे मी काम करते, हे आता घड्याळानं सांगायचं?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि हे पाच मिनिटांचं ठरवलं कुणी रे?"

"वरून आलं," मी म्हणालो. इतकं धडधडीत खोटं मी त्याआधी बोललो नव्हतो.

"वरून," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाचायला लागल्या.

शेवटच्या दिवशी त्यांच्या निरोपाचा केक आला. त्या उठल्या नाहीत. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं पत्रक संध्याकाळी छपाईला जायचं होतं. केक आम्हीच कापून खाल्ला. माझ्या स्क्रीनवर त्या दुपारभर पिवळ्या होत्या, आणि दोन टेबलं पलीकडे त्यांची पट्टी एकेक ओळ खाली सरकत होती.

पावणेसहाला सरांना आणि मला त्यांचा मेसेज आला. "छपाई थांबवा. मोठ्यांचा डोस मुलांच्या रकान्यात पडला आहे." मग त्यांनी डबा पिशवीत टाकला, खुर्ची आत सरकवली आणि गेल्या. जाताना त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

"ग्रेट कॅच! थांबवलं," सरांचं उत्तर आलं. ते वाचायला ताई जागेवर नव्हत्या. पाठोपाठ मला वेगळा मेसेज आला, "त्यांचं अकाउंट आजच क्लोज कर."

अकाउंट बंद करताना कारण यादीतून निवडावं लागतं. यादीत दोनच कारणं आहेत, बदली आणि निष्क्रिय.

मी दुसरं निवडलं.