घरचे शेवटच्या पंगतीला

विजयमालाकाकूंनी आयुष्यात कुणाला दारातून माघारी पाठवलं नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला. नाहीतर कॉम्प्युटरची काय बिशाद होती त्यांच्यापुढं!

काकूंचं गाव रहिमतपूरजवळ. लेक दोन, आणि दोघंही कुस्तीचे वेडे. थोरल्या इंद्रजितचा गुडघा गेला, आखाडा सुटला, आणि तो शिकून जर्मनीत कारखान्यात लागला. धाकट्या वीरधवलला त्यानंच मांडीवर बसवून पहिला लंगोट नेसवलेला. गेल्या वर्षी सांगलीकडच्या मोठ्या मैदानात वीरधवल उतरताना फोनवर विचारत होता, दादा बघतोय का? दादाला कुठलं दिसतंय! मैदान दाखवणारी साइट भारताबाहेर उघडतच नव्हती. काकूंना खोटं बोलता आलं नाही. त्या नाही म्हणाल्या, आणि पोरगं पाच मिनिटांत आभाळ बघत पडलं. यंदा त्याच मैदानात पुन्हा तीच जोड लागली होती. काकूंनी मनाशी पक्कं केलं की काय वाट्टेल ते होवो, यंदा थोरल्याला दिसलं पाहिजे.

इंद्रजितनं उपाय काढला, त्याचं नाव व्हीपीएन. घरात वीरधवलच्या अकरावीला घेतलेला कॉम्प्युटर धूळ खात पडला होता, त्यावर हे बसवायचं. म्हणजे इंद्रजित जर्मनीत बसून आधी त्यातून घरात येणार, आणि मग घरच्या दारातून बाहेर पडणार. साइटवाल्याला वाटणार, गडी गावातच आहे. काकूंना हे लगेच पटलं, कारण गडी गावातच असावा असं त्यांना पहिल्यापासून वाटत होतं.

मग रविवारी दुपारी फोन स्क्रीनसमोर धरून मायलेकांचं काम सुरू झालं. तो तिकडून सांगे, ह्या इकडं दाबत. राउटरमध्ये एक दार उघडायचं होतं, तर काकूंनी चुकून सगळीच बंद केली आणि गल्लीतली चार घरं नेटवाचून तळमळत बसली, कारण ती सगळी काकूंच्याच वायफायवर होती. आकारामतात्या, म्हणजे काकूंचे मालक, फौजेतून हवालदार होऊन आलेले. ते खुर्चीवरून नुसते हुकूम सोडत होते. काकूंनी त्यांना चहा करायला पाठवलं, तेव्हा कुठं काम पुढं सरकलं. शेवटी यादीत इंद्रजितच्या नावापुढं हिरवा ठिपका लागला. तिकडं त्याच्या मोबाइलवर उसाच्या रोपांची, ट्रॅक्टरची आणि साताऱ्यातल्या साड्यांच्या सेलची जाहिरात यायला लागली, तसा तो पोट धरून हसला. काकू म्हणाल्या, "आलास न्हवं घरी? आता हातपाय धू."

इथवर सगळं झ्याक होतं. पण काकूंना एक विद्या अवगत झाली होती. नवा माणूस जोडायचा म्हणजे नाव टाकायचं, बटण दाबायचं, एक चौकोनी नक्षी उमटते, ती फोनवर पाठवून द्यायची. पहिल्यांदा धाकट्या जाऊबाई रेश्मा आल्या. त्यांचा धैर्यशील कॅनडात. जावेच्या लेकाला नाही म्हणायचं म्हणजे भाऊबंदकी पेटायची. दिली नक्षी. मग शेजारच्या सुलाबाई आल्या, त्यांचा लेक धुळा पोलंडात ट्रक चालवतो, आणि त्याचा मावसभाऊ त्याच मैदानात उतरणार. दिली. मग एकाला देऊन दुसऱ्याला वगळलं असं होऊ नये म्हणून काकूंनी लग्नाच्या अक्षता वाटाव्यात तशा नक्ष्या वाटल्या. माहेरची पोरं, पाटणकडची पोरं, वीरधवलच्या वस्तादांचा जावई, सगळ्यांना सहकुटुंब, सहपरिवार. वर एक ग्रुपही काढला. तात्या म्हणाले, हा गेटपास आहे, प्रसाद नव्हे. काकूंनी ऐकलं नाही. अहो, ज्या बाईनं कधी मोजून भाकरी थापली नाही ती नक्ष्या कशाला मोजेल?

मैदानाचा दिवस उजाडला. दुपारी कुस्त्या सुरू झाल्या आणि कॉम्प्युटरवर हिरवे ठिपके टपाटप लागायला लागले. काकू प्रत्येकाला या या म्हणत होत्या. यादी भरत गेली तसं त्यांना उधाण आलं, घरात लग्न निघाल्यासारखं. आणि पहिलीच रंगतदार कुस्ती आली नि सगळ्यांची चित्रं एकदम गोठली. इंद्रजितच्या फोनवर नुसतं गोल गोल फिरतंय. त्यानं विचारलं, किती जण आहेत गं? काकूंनी यादी वाचायला घेतली, तिसऱ्या-चौथ्या नावालाच त्यानं डोक्याला हात लावला. अर्ध्या इंची नळीवर सगळ्या शिवाराचं ठिबक जोडल्यावर पाणी पडणार कुठं?

तात्या म्हणाले, सगळ्यांची नावं उडव, आपलं ठेव. बटण होतं तसं, लाल रंगाचं. काकूंचा हात त्यावर जाईना. जेवायला बोलावलेल्या माणसाचं ताट कसं ओढायचं? आणि जेवण म्हटल्याबरोबर त्यांना सुचलं. त्यांनी ग्रुपवर बोलून पाठवलं की एवढी पाव्हणी एका दमात बसत नाहीत, पंगती करू. ज्यांच्या गावचा गडी लढतोय त्यांनी आत बसायचं, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. वीरधवलची कुस्ती तशीही शेवटची, तेव्हा घरचे शेवटच्या पंगतीला.

कॅनडापासून पोलंडपर्यंत एकालाही हे दोनदा सांगावं लागलं नाही. पहिली पंगत बसली, उठली. दुसरी बसली. चित्र पाण्यासारखं वाहत होतं. इंद्रजित घरधन्यासारखा बाहेर उभा होता, ग्रुपवर येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करत. काकूंना तर आता पदर खोचून वाढायला उतरावंसं वाटत होतं.

तेवढ्यात तात्यांचा फोन वाजला. मैदानातून वीरधवल. मधल्या जोडीतला एक जण जायबंदी झाला, म्हणून वीरधवलची कुस्ती आत्ताच, चालू कुस्तीच्या शेजारीच पुकारली होती. अंगाला माती लावून तो उभा होता. त्यानं एकच विचारलं, दादा आलाय का?

काकूंनी यादीकडं बघितलं. आत पंगत भर रंगात बसली होती, धुळ्याच्या मावसभावाची कुस्ती नुकती लागलेली, आणि त्याच्या नात्यातली पोरं सगळ्या जगातून बघत होती. एक तर भरल्या ताटावरून पाव्हणं उठवायचं, नाहीतर लेकाला गेल्या वर्षासारखं नाही म्हणायचं. खोटंच हो म्हणावं, असंही क्षणभर मनात आलं, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी वीरधवलला थांब म्हटलं, आणि ग्रुपवर बोलल्या, "पोरांनो, तुमी जेवताय, तुमाला उठा म्हणायची माझी जीभ रेटत न्हाई. पण आमचा वीरधवल आताच उतरतोय, आनि त्येचा भाऊ अजून भाईर हुबा हाय."

मग पोलंडात रस्त्याकडेला ट्रक लावून बसलेल्या धुळ्याचा आवाज आला, "काकू, आमी हात धुतले." आणि त्याचा ठिपका विझला. स्वतःच्या मावसभावाची कुस्ती अर्धी टाकून उठला बरं का गडी! मग त्याच्या पाठोपाठ हात धुतले, हात धुतले, असं करत सगळी पंगत उठली. यादी काळी पडली, आणि एकट्या इंद्रजितच्या नावापुढं हिरवं लागलं.

काकूंनी तात्यांचा फोन कानाला लावला. "आलाय तुझा दादा," त्या म्हणाल्या, "आनि घरात येकटाच हाय."

तिकडून वीरधवलच्या हसण्याचा आवाज आला. मग मैदानात शड्डू घुमला. जोड तगडी होती, दोनदा त्याला खाली घेऊन बसली, आणि दोन्ही वेळा इंद्रजित जर्मनीतून निघ, निघ म्हणून ओरडत होता. तिसऱ्यांदा वीरधवलनं ढाक लावली ती अशी की समोरचा गडी हवेतून फिरून पाठीवर आला. दोन्ही खांदे मातीला! तात्यांनी खुर्ची पाडली. काकू नाचत होत्या, साठीला टेकलेली बाई, हातात दोन फोन घेऊन. इंद्रजितनं कारखान्याच्या कँटीनमध्ये दणदणीत शड्डू ठोकला आणि सूप पिणारे चार जर्मन उठून उभे राहिले.

काकूंनी ग्रुपवर जिंकला म्हणून सांगायची खोटी, सगळं गणगोत एकदम आत घुसलं. पंगत कसली नि कसलं काय! यादी वरपासून खालपर्यंत हिरवीगार झाली, आणि वीरधवल लोकांच्या खांद्यावर चढून दोन्ही हात वर करतोय तोच चित्र गोठलं, तोंड उघडं ते उघडंच. काकू घाबऱ्या झाल्या, पुन्हा सगळ्यांना बाहेर काढू का, म्हणून थोरल्याला विचारायला लागल्या.

"असू दे गं, बसू दे समद्यांना," इंद्रजित रडत हसत म्हणाला. "मला सगळं दिसलं."