दोन उलटे टाके

"गाठ नाही मारत? मंग उसवत नाही का ते?"

शीलाबाईंनी पलंगावरूनच डॉ. अनिकेत सरांना विचारलं. उद्या त्यांचं वजन कमी करायचं ऑपरेशन होतं. पोट लहान करून त्याला आतडं जोडायचं आणि तो जोड शिवायचा. त्यासाठी सर दोन धागे दाखवत होते. एक नेहमीचा, गाठीचा. दुसरा नवा, अंगावर बारीक काटे असलेला, बिनगाठीचा. कोणता बरा, हे ताडून पाहायला यवतमाळच्या आमच्या दवाखान्यात चाळीस पेशंटांची नोंद चालली होती. कुणाला कोणता, ते बंद पाकीट ठरवणार. नोंदवही माझ्याकडे, म्हणजे विमल सिस्टरकडे. सव्वीस वर्षं थिएटरमध्ये सुया हातात देत आले. खरं सांगते, त्या काटेरी धाग्यावर माझा काडीचा भरवसा नव्हता.

शीलाबाई उमरखेडच्या. जन्मभर गोधड्या शिवलेल्या. त्यांनी नमुन्याचा धागा चिमटीत धरून पुढे ओढला, मग मागे.

"हे तं कुसळ हाय! लुगड्यात घुसलं का पुढंच जाते, मांगं येतच नाही."

सर खूश झाले. "हेच समजावायला मला अर्धा तास लागतो, मावशी."

"पण शेवटचा टाका? तो तं मोकळाच राहीन."

"शेवटी मागे फिरून दोन टाके उलटे घेतो."

"अस्सं! मंग ठीक हाय." बाईंनी कागदावर सही ठोकली. सरांच्या डिग्र्या विचारल्यासुद्धा नाहीत.

संध्याकाळी बीपी घेताना मी विचारलं, "एवढी हिंमत कायले करता, बाई?"

"माही माय मानीबाई गेली. तिची गोधडी अर्धीच राह्यली. खाली बसल्याबिगर गोधडी होत नाही, अन् मी बसली का उठवाले दोघं लागतात. सहा वर्सं झाले, पेटीत पडून हाय. सुई बी तशीच टोचून हाय."

कापसाच्या शेतीतल्या कर्जानं माणसं खचवली ती ही वर्षं. समोरच्या वॉर्डात फवारणीचं औषध प्यायलेले पेशंट येत. त्याच आठवड्यात दोघं हातची गेली होती. आणि इथे एक बाई गोधडी पुरी करायला पोट कापून घ्यायला आली होती. तिला हात जोडावेसे वाटले.

सकाळी पाकीट उघडलं. बिनगाठीचा.

सरांनी जोड सुरेख शिवला. शेवटी एक टाका उलटा घेतला आणि कात्रीसाठी हात पुढे केला. तीन तास उभे होते, थकले होते. मी कात्री दिली नाही.

"सर, दोन म्हणाले होते तुम्ही तिला."

मास्कवरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दुसरा टाका घेतला.

तिसऱ्या दिवशी रंगाचं पाणी पाजून पोटाचा एक्स-रे काढला. मी वहीत लिहिलं, 'गळती नाही', आणि देवाचे आभार मानले.

दहा महिन्यांनी एक बाई हसत ओपीडीत आली. मी ओळखलंच नाही. खुर्ची द्यायच्या आत तिनं फरशीवर गोधडी अंथरली आणि शेजारी मांडी घालून बसली. तेव्हा कळलं, शीलाबाई!

"बसा ना, सिस्टर."

माझे गुडघे कुरकुरले, पण बसले. कडेचे तीन फेर विटक्या लाल दोऱ्याचे, आत मध्यापर्यंत नवा लाल.

"हे मायचे. इथून माहे."

मी जोडावरून बोट फिरवलं. गाठ लागेना.

"नाही मारली. तिच्या शेवटच्या दोन टाक्यायवरून उलटी आली मी, अन् मंग पुढं गेली." मग म्हणाल्या, "कात्री नाही देली म्हने तुम्ही. सरनं सांगतलं मले."

बाईंनी गोधडीची घडी केली, एक हात फरशीला टेकून एकट्याच उठल्या, आणि मला उठवायला हात पुढे केला.